बोट बंद, लाइट गेली, काका गेले

गेटवेवरून बोटीने मांडव्याला यायला तासाभराच्या आतबाहेर लागतं. तेच पनवेल, पेण, वडखळ करत रस्त्याने यायचं म्हटलं तर शंभर किलोमीटरच्या वर फेरा पडतो, आणि शनिवार असेल तर वडखळच्या अलीकडे गाडी किती वेळ उभी राहील ते कुणीच सांगू नये. त्यामुळे मांडवा, सासवणे, आवास, सारळ, चोंढी, किहीम या पट्ट्यातल्या माणसाचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो: बोट आहे का?

पूर्वी हा प्रश्न धक्क्यावर, चहाच्या टपरीवर विचारला जायचा. आता तो मोबाइलवरच्या ग्रुपवर येऊन पडतो. प्रवाशांचा ग्रुप, गावकीचा ग्रुप, आळीचा ग्रुप, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप. त्यावरच लाइट गेल्याचा वैताग, खड्ड्यांच्या नावाने शिमगा, टँकर न आल्याची ओरड आणि मधेच कुणीतरी गेल्याची खबर. सगळं एकाखाली एक.

वैताग, खबर आणि तक्रार

गोंधळ इथेच होतो. या तीन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं हवं असतं.

‘तिसऱ्यांदा लाइट गेली, आता काय जंगलात राहायचं का?’ असं लिहिणाऱ्याला उत्तर नको असतं. ‘आमच्याकडे पण गेली’ एवढं कुणी म्हटलं की त्याचं काम होतं. ‘दुपारची बोट रद्द’ ही मात्र खबर आहे. ती खोटी निघाली तर कुणाची तरी दवाखान्याची वेळ चुकते. आणि ‘धक्क्यावरची पायरी तुटलीय, म्हातारं माणूस पडेल’ ही तक्रार. ती ग्रुपवर कितीही वेळा लिहिली तरी पायरी दुरुस्त होत नाही, कारण पायरी दुरुस्त करणारा त्या ग्रुपवर नसतो.

बातमी पूर्वी कशी यायची

वाईट बातमी सांगण्याची आपल्याकडे एक रीत होती. मृत्यूचं पत्र असेल तर वर ‘श्री’ लिहायचं नाही. ते वाचायचं ते घराबाहेर, आणि वाचून झालं की फाडून टाकायचं. तार आली म्हटलं की मजकूर कळण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण आनंदाची बातमी सांगायला कोकणात तारेवर पैसे कोण घालवणार! ही तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. नाक्यावरचा काळा फळा मात्र अनेक गावांत अजून आहे. खडूने लिहिलेलं नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ, कुठून निघणार ते. चार ओळींत सगळं.

त्या फळ्याचा एक गुण ग्रुपवर हरवला आहे. फळ्यावर कुणीही लिहीत नसे. घरच्यांनी सांगितल्यावर ठरलेला माणूस लिहायचा.

बोट बंद आहे, हे नक्की कोण सांगतं?

गेटवे ते मांडवा पीएनपी, मालदार आणि अजंठा यांच्या बोटी चालतात. पुढे अलिबागपर्यंत बस. जून ते ऑगस्ट या बोटी बंद असतात. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रोरो सुरू झाली, ती पावसाळ्यातही हवामान बरं असेल तेव्हा चालते. म्हणजे पावसाळ्यात मांडवा धक्क्याचा मुंबईशी असलेला समुद्री संबंध एवढाच, आणि तोही वाऱ्याच्या मर्जीवर.

बोट बंद होण्याची साखळी ठरलेली आहे. हवामान खातं इशारा देतं, बंदरावर बावटा लागतो, बंदर खात्याचे लोक वाहतूक थांबवायला सांगतात, मग तिकीट खिडकीवर पाटी लागते. तीन नंबरचा बावटा म्हणजे वादळी वारा, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. या साखळीत ग्रुपला जागाच नाही. ग्रुप फक्त पाटी वाचून सांगू शकतो.

म्हणून खबरीचा मेसेज कसा असावा याला इथे महत्त्व आहे. ‘बोट बंद!!!’ या मेसेजने काहीच कळत नाही. कुठली बोट? गेटवेची की रोरो? आत्ता की दिवसभर? कुणी सांगितलं? त्याऐवजी ‘मंगळवार, सकाळी ७.४०, मांडवा धक्क्यावर उभा आहे, खिडकीवर पाटी आहे: वाऱ्यामुळे ८ ची रद्द, पुढचं ९ ला सांगतील’ असं लिहिलं की पुढचे चाळीस प्रश्न वाचतात. वार आणि वेळ लिहायलाच हवी. मेसेजला पाय असतात. सोमवारचा मेसेज गुरुवारी तिसऱ्याच ग्रुपवरून परत येतो आणि ज्याची बोट सुरळीत चालू आहे तो वडखळमार्गे निघतो. बोट सुरू झाली की आपला जुना मेसेज आपणच काढावा. हे शंभरात दोघे करत असतील, असा माझा अंदाज आहे, आणि तोही उदार मनाने.

दोन बोटी, दोन बातम्या

१४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्याकडे येणारी एक प्रवासी बोट धक्का जवळ आलेला असताना बुडू लागली. बोटीवर ८८ जण होते. पोलिसांची गस्तीची बोट वेळेवर पोहोचली आणि सगळे वाचले. अशा वेळी ‘मांडव्याची बोट बुडाली’ आणि ‘मांडव्याची बोट बुडाली, सगळे वाचले’ या दोन वाक्यांत फरक दोनच शब्दांचा. पण पहिलं वाक्य वाचून घरी जी पाच मिनिटं जातात, ती ज्याची त्याने आठवावीत.

१८ डिसेंबर २०२४ ची गोष्ट अधिक कठीण होती. गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. शंभराहून जास्त माणसं बोटीवर होती. धडकेचं चित्रण बोटीवरच्याच एका प्रवाशाच्या मोबाइलमध्ये झालं होतं आणि ते त्याच संध्याकाळी घराघरांत पोहोचलं. मृतांचा आकडा पहिल्या दिवशी १३ सांगितला गेला, पुढच्या काही दिवसांत तो १५ झाला. पहिला आकडा खोटा नव्हता; शोध चालू होता इतकंच. दुर्घटनेच्या पहिल्या काही तासांतला कुठलाही आकडा हा ‘आत्तापर्यंतचा’ असतो, आणि पुढे पाठवताना आपण नेमका तोच शब्द गाळतो.

मांडव्याच्या दृष्टीने त्या बातमीत सगळ्यात मोलाचा शब्द होता ‘एलिफंटा’. ‘गेटवेवरून सुटलेली बोट’ एवढंच लिहिलं की अलिबाग तालुक्यात ज्याचं माणूस मुंबईहून यायचं आहे त्या प्रत्येकाचा जीव टांगणीला. चित्रण पुढे ढकलण्याआधी बोटीचं नाव आणि ती कुठे निघाली होती ते विचारा. आणि पाण्यातल्या माणसांचं चित्रण तर पाठवूच नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ तराफा बुडाला, तेव्हा काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना मी काय म्हणतोय ते सांगावं लागणार नाही.

मयताचा मेसेज

‘पाटील काका गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.’

थळपासून रेवसपर्यंत पाटील आणि म्हात्रे यांना तोटा नाही. कुठले पाटील? मग फोनाफोनी, मग एखाद्या चांगल्या धडधाकट काकांच्या घरी रडत गेलेली भाची. हे प्रकार घडतात, आणि नंतर त्यावर हसतातही, पण त्या घरातल्या बाईला हसू येत नसतं.

खरी अडचण पुढची आहे. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. मुलगा येईपर्यंत थांबायचं की नाही हे बोटीवर ठरतं. म्हणून मयताच्या मेसेजमध्ये पूर्ण नाव, आळी, गाव, कुणाचे वडील किंवा कुणाची आई, अंत्यविधी किती वाजता आणि कुठून, आणि एकाच माणसाचा फोन नंबर असावा. तो नंबर शक्यतो पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा, घरच्यांचा नको. आणि मेसेज टाकण्याआधी घरच्यांना विचारलेलं असावं. सासरी असलेल्या मुलीला वडील गेल्याचं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळणं यासारखी वाईट गोष्ट नाही. जवळच्यांना आधी फोन. तोही ‘जेवलीस का, कोण आहे सोबत’ असं विचारून.

मेसेज पडला की त्याखाली शंभरेक जण हात जोडतात. भावना खरी असते, शंका नाही. पण त्या हातांच्या रांगेत ‘वेळ बदलली, चारऐवजी पाच’ हा मेसेज वर सरकून दिसेनासा होतो. काही ग्रुपवर ॲडमिन अशा दिवशी फक्त आपणच लिहू शकू अशी सोय करून ठेवतात. लोक रागावतात, पण सोय योग्य आहे. श्रद्धांजली घरी जाऊन द्यावी.

वैताग काढल्याने बरं वाटतं का?

वाटतं, पण जपून. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की मनाला लागलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणूस कुणाला तरी सांगतोच, बहुतेक वेळा त्याच दिवशी. सांगितल्याने बरं वाटल्यासारखं होतं, जवळीकही वाढते. पण नुसतं सांगून त्या दुखण्याची धार कमी होतेच असं मात्र त्यांना दिसलं नाही. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये केलेला प्रयोग तर आपल्या समजुतीच्या उलट गेला. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बुक्क्यांच्या पिशवीवर राग काढणारे, गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

ग्रुपवर रोज रात्री त्याच लाइटवर, त्याच खड्ड्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना हे लागू पडतं. एकदा बोललं तर मोकळं होतं. महिनाभर तेच बोललं की झोपायच्या वेळी डोकं तापण्याची सवय लागते.

आपल्या पट्ट्यात याला आणखी एक वळण आहे. बंगलेवाल्यांचे ग्रुप वेगळे, गावाचे वेगळे. तिकडे वायफायची, रोरोच्या रांगेची, केअरटेकरच्या दांडीची रड. इकडे शनिवार-रविवारी दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची आणि आटलेल्या विहिरींची. दोघांची वीज एकाच वेळी जाते, तरी एकमेकांचा वैताग एकमेकांपर्यंत पोहोचत नाही. दोन्हीकडे असतो तो एकटा केअरटेकर, आणि तो बिचारा काही लिहीत नाही.

भीतीची खबर आणि कायदा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ‘आपल्या भागात फिरतायत, सावध राहा’ असा मेसेज आला की एवढं आठवावं, आणि आधी पोलीस ठाण्याला फोन करावा.

ॲडमिनना एक दिलासा आहे. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं. त्यात त्याचा हात असेल तर गोष्ट वेगळी. लिहिणाऱ्याला मात्र सूट नाही. रिक्षावाल्याचा फोटो टाकून त्याला चोर म्हणणं बदनामीत बसू शकतं.

रेंजच गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगडमध्ये झाडं, खांब, पत्रे आडवे झाले आणि वीज, मोबाइल अनेक गावांत कित्येक दिवस बंद राहिले. मुंबईतले नातेवाईक ग्रुपवर विचारत राहिले, गाव गप्प. तेव्हा खबर नेली ती मोटरसायकलवरच्या पोरांनी. त्यामुळे जवळच्या चार जणांचे नंबर वहीत लिहून भिंतीला लावणं यात जुनाट काही नाही.

ग्रुपच्या वर पिन करण्यासाठी

लाइटची तक्रार महावितरणच्या १९१२ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक ग्रुपवर टाका. वैतागापेक्षा तो क्रमांक दहा जणांच्या जास्त कामाचा असतो. धक्क्याच्या दुरवस्थेबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळाला लेखी कळवा, तिकिटाचं भांडण असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. समुद्रात संकट दिसलं तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि कुठूनही ११२.

आणि ग्रुपवर कुणी रात्री उशिरा ‘आता नकोसं झालंय’ असं लिहिलं, तर त्याखाली अंगठा किंवा सुविचार टाकू नका. त्याला लगेच फोन करा, जवळ राहत असेल तर घरी जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलतात.