विश्लेषण : नकाशा उघडतो, पण पिन कुठे हरवते?

मोबाइलवर एखाद्या दवाखान्याचा पत्ता शोधला. नकाशा उघडला, रस्ते दिसले, गल्लीचे नावही वाचता आले. पण जिथे निळी पिन असायला हवी, तिथे फाटक्या चित्राची चौकोनी खूण. नेट स्लो असेल असे समजून आपण पान पुन्हा लोड करतो. तरी तेच. अशा वेळी बहुतेकदा नेटचा काही दोष नसतो. पिनचे चित्र वेबसाइटसोबत पाठवायचे राहून गेलेले असते किंवा पाठवलेले असूनही त्याचा पत्ता चुकलेला असतो. वेबसाइट तयार करताना वापरल्या जाणाऱ्या आयत्या भागांची ही जुनी दुखरी बाजू आहे.

हे ‘आयते भाग’ म्हणजे काय?

तारीख निवडायचे कॅलेंडर, यादी उघडणारा चौकोन, फोटोंची सरकपट्टी, नकाशा या गोष्टी प्रत्येक वेबसाइटसाठी कोणी नव्याने लिहीत बसत नाही. कोणीतरी एकदा लिहितो, बाकीचे वापरतात. याला कम्पोनंट म्हणतात. त्यात काम करणारा जावास्क्रिप्टचा कोड असतो, तो भाग कसा दिसेल हे सांगणारी सीएसएस फाइल असते आणि चित्रे, आयकॉन, फॉन्ट असे सामान असते. कोड सहज पोहोचतो. अडते ते उरलेल्या दोन गोष्टींपाशी. घरी जोडायचे कपाट मागवले, फळ्या आल्या. पण बिजागरे आणि स्क्रूची पिशवी दुकानातच राहिली, असा तो प्रकार.

निळ्या पिनचे नेमके काय होते?

वेबवर नकाशे दाखवण्यासाठी ‘लीफलेट’ ही खुली लायब्ररी जगभर वापरली जाते. युक्रेनच्या व्होलोदिमिर आगाफोनकिन यांनी ती २०११ मध्ये आणली. आकाराने लहान आणि शिकायला सोपी असल्याने ती लोकप्रिय झाली. तिच्यासोबत एक निळी पिन मिळते : २५ पिक्सेल रुंद, ४१ पिक्सेल उंच. तिच्या सावलीचे चित्र वेगळे आणि जास्त रेखीव स्क्रीनसाठी दुप्पट आकाराचे आणखी एक. म्हणजे एका पिनसाठी तीन चित्रे.

ही चित्रे कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, हे लायब्ररीला आधी ठाऊक नसते. त्यासाठी लीफलेट एक युक्ती करते. तिच्या सीएसएस फाइलमध्ये पिनच्या चित्राचा पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझरला तो पूर्ण पत्ता विचारायचा, शेवटचे ‘मार्कर-आयकॉन डॉट पीएनजी’ हे नाव कापायचे आणि उरलेल्या भागाला फोल्डर समजून त्याला तिन्ही चित्रांची नावे जोडायची. फायली हाताने अपलोड करण्याच्या काळात ही युक्ती बिनचूक चालायची.

मग वेबपॅक, व्हीट यांसारखी ‘बंडलर’ साधने आली. वेबसाइटच्या शेकडो फायली एकत्र बांधणे हे त्यांचे काम. ती चित्रांची नावे बदलून पुढे अक्षर-अंकांची शेपटी लावतात, कारण नवे चित्र टाकले तरी फोनने साठवलेले जुनेच दिसू नये. लहान चित्र तर ती थेट सीएसएसमध्ये मजकूर म्हणून कोंबतात. व्हीटमध्ये ही मर्यादा मुळात ४ केबी असते आणि निळी पिन जेमतेम दीड केबीची. त्यामुळे लीफलेट जे नाव कापायला जाते, ते तिथे उरलेलेच नसते. तरी ती पत्ता जोडते, तो निरर्थक निघतो आणि पिन फाटते.

गंमत अशी की यात धड कोणाचीच चूक नाही. लीफलेटचा अंदाज तिच्या काळात योग्य होता, बंडलर करतात तेही वाचकाच्या सोयीचेच. दोघांचे एकमेकांशी बोलणे झालेले नाही, एवढेच. उपाय चार-पाच ओळींचा आहे : पत्ता ओळखण्याची युक्ती बंद करायची आणि तिन्ही चित्रे स्वतः नेमून द्यायची. नकाशा लावणारे इंजिनीअर वर्षानुवर्षे याच ओळी एकमेकांकडून उचलत आले आहेत.

सीएसएस फाइलच जोडायची राहिली तर प्रकार आणखी मजेशीर होतो. नकाशाचे चौकोनी तुकडे पत्त्यांसारखे पानभर विखुरतात. आणि नकाशाच्या चौकटीला उंची दिली नाही तर नकाशा दिसतच नाही, कारण ती उंची लायब्ररी ठरवत नाही, वेबसाइटवाल्याने ठरवायची असते. नवशिक्यांची पहिली संध्याकाळ बहुधा इथेच जाते.

सगळे एकाच फाइलमध्ये का भरत नाहीत?

भरतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. चित्र मजकुरात बदलले की त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि तो डेटा वाचकाच्या पॅकमधून जातो. रूप सांगणारे नियम कोडमधूनच पानात टाकता येतात; मात्र सुरक्षेसाठी ज्या वेबसाइटनी अशा घुसवलेल्या नियमांना बंदी घातलेली असते, तिथे तो भाग उघडाबोडका दिसतो.

दुसरी अडचण रूपाच्या भांडणाची. कम्पोनंट सांगतो बटण निळे, वेबसाइट सांगते भगवे. यात कोण जिंकणार हे ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी ‘हेच महत्त्वाचे’ अशी सक्तीची खूण लावण्याची चढाओढ चालली. २०२२ मध्ये प्रमुख ब्राउझरमध्ये ‘कॅस्केड लेयर’ ही सोय आली. कम्पोनंटने आपले नियम खालच्या थरात ठेवले की वेबसाइटचा साधा नियमही त्यांच्यावर मात करतो. ही सोय आधीच यायला हवी होती.

‘शॅडो डॉम’ हा आणखी एक मार्ग. त्यात कम्पोनंटचे रूप डबाबंद राहते, बाहेरचे नियम आत शिरत नाहीत. पण फॉन्टची नोंद मुख्य पानातच करावी लागते, म्हणजे डबा पूर्ण बंद नाहीच.

सामान दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आणले तर?

हा सर्वात सोपा मार्ग, म्हणून सर्वात वापरला जाणारा. त्याचे दोन धडे गाजले. जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी एका वेबसाइटमालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. कारण काय, तर वेबसाइट गुगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणत होती आणि त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गुगलकडे जात होता. तोच फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता आला असता.

दुसरे प्रकरण फॉन्टचे नाही, कोडचे. पण सवय तीच. जुन्या ब्राउझरना मदत करणारा कोड पुरवणारे ‘पॉलिफिल डॉट आयओ’ हे डोमेन २०२४ मध्ये नव्या मालकाकडे गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यातून मोबाइल वाचकांना भलत्याच वेबसाइटवर नेणारा कोड जात असल्याचे उघड झाले. एक लाखाहून अधिक वेबसाइटनी ती फाइल जोडलेली होती.

मराठी वाचकाला फटका कुठे?

काही वेबसाइटवर घराच्या चित्राऐवजी ‘होम’ आणि भिंगाऐवजी ‘सर्च’ असा इंग्रजी शब्द उमटतो. गुगलचे ‘मटेरियल आयकॉन’ हा प्रत्यक्षात फॉन्ट आहे. ठरावीक शब्द लिहिला की तो त्याचे चित्र करून दाखवतो. फॉन्ट पोहोचला नाही की शब्द उघडा पडतो. पान मराठीत भाषांतरित करून वाचणाऱ्यांची तर वेगळीच पंचाईत. ब्राउझर त्या शब्दाचेही भाषांतर करतो आणि फॉन्ट पोहोचलेला असूनही चित्राच्या जागी ‘घर’ असे येते. आयकॉनवर ‘भाषांतर नको’ अशी खूण कम्पोनंटमध्येच लावली तर हे टळते.

आयत्या भागांसोबत येणारा फॉन्टही बहुधा रोमन लिपीचा. रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, मग फोन स्वतःकडचा फॉन्ट लावतो आणि एकाच बटणात दोन वळणे दिसतात. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने बांधलेली असेल तर ‘पूर्ती’मधला रफार वरून आणि ऊकार खालून छाटला जातो. पर्याय नाहीत असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त हा फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्ही सांभाळतो आणि मोफत मिळतो. देवनागरीत जोडाक्षरे भरपूर असल्याने अशी फाइल वजनाला जास्त भरते, हे खरे.

आणि एक बारीक गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. या दोन अक्षरांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे; राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही ते ठरवून दिले आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण पान मराठी आहे असे सांगितल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. हे सांगायला पानाच्या सुरुवातीला भाषेच्या जागी ‘एमआर’ ही दोन अक्षरे पुरतात. आयत्या साच्यांत तिथे ‘ईएन’ लिहिलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते.