पदवीची निवड : आवड आणि उपजीविका

बारावीचा निकाल लागला की पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील आपल्या कुटुंबांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. औद्योगिक वसाहत शेजारी, अणुऊर्जा केंद्र शेजारी. तेव्हा मुलाने इंजिनियर व्हावे आणि मुलीने जवळपास मिळेल ते शिकावे. मुलांना काय आवडते हा विषय निघालाच, तर आवड ही श्रीमंतांची चैन समजून तो मिटवला जातो.

पालकांची भीती खोटी नाही. पदवी हाती असूनही घरी बसलेली मुले त्यांनी पाहिलेली असतात. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानातील (२५:१४-३०) दाखल्यात धन्याची ठेव जमिनीत पुरणारा चाकरही भीतीपोटीच तसे वागला होता. पदवीच्या नावामागे रोजचे काम कोणते, हे नीट पाहिले तर आवड आणि उपजीविका यांची पुष्कळदा गाठ पडते.

तारापूरचे रासायनिक व औषधांचे कारखानेच घ्या. 'कंपनीत नोकरी' हे एकच काम नव्हे. बारकाईने निरीक्षण करणाऱ्या मुलीला रसायनशास्त्राची पदवी किंवा चार वर्षांचे बी.फार्म. गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नेऊ शकते. जीवशास्त्र आवडणाऱ्यास सूक्ष्मजीवशास्त्राची वाट आहे. औषधात व त्यासाठी वापरलेल्या पाण्यात जंतू नाहीत ना, हे तपासणारे माणूस लागतेच. आणि ज्याला प्रयोगशाळेपेक्षा माणसांत रमायला आवडते त्याचे काय? रसायनशास्त्राची पदवी, कामाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका यांच्या बळावर तो सुरक्षा अधिकारी होऊ शकतो. कामगाराला त्याच्या भाषेत धोका समजावून सांगणे हा त्या कामाचा गाभा आहे. स्फोट आणि वायुगळतीच्या बातम्या ज्या वसाहतीतून वारंवार येतात, तेथे अशा माणसावर इतरांचे प्राण अवलंबून असतात. मराठी, हिंदी आणि वारली बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे कौशल्य जन्मतःच लाभलेले आहे.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या; तिसरी आणि चौथी २००५-०६ च्या सुमारास. तेथे केवळ इंजिनियरच लागतात हा गैरसमज आहे. प्रशिक्षणार्थींच्या भरतीत पदविकाधारकांना व विज्ञानाच्या पदवीधरांनाही संधी असते. मात्र पदवीला ६० टक्के गुण आणि बारावीला गणित अशा अटी असतात. गणिताचा कंटाळा म्हणून अकरावीत तो विषय सोडणाऱ्या मुलाला हे वेळेवर कोणी सांगत नाही.

कला शाखेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. इतिहास किंवा मराठी आवडत असेल तर अवश्य घ्यावे, पण पुढचे पाऊल प्रथम वर्षातच ठरवावे : बी.एड., समाजकार्य, अनुवाद अथवा स्पर्धा परीक्षा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडता येतो. आवडीचा विषय मुख्य आणि उपजीविकेला आधार देणारा दुय्यम, अशी सांगड घालता येते का, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे.

प्रवासाचाही हिशेब करावा. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईची महाविद्यालये आवाक्यात आली, हे खरे. तथापि रोजचे चार-पाच तास गाडीत गेले तर अभ्यास केव्हा करणार? पदवी पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या जवळच्या ठिकाणी आणि पदव्युत्तर शिक्षण दूर, हा क्रम अनेकांना अधिक मानवेल. नावाजलेल्या महाविद्यालयाचा मोह मुलांपेक्षा पालकांनाच जास्त असतो!

मुलींच्या बाबतीत खर्चाची सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शुल्कमाफी दिली आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहेच. जातीचे, उत्पन्नाचे व जातवैधतेचे दाखले काढण्यास वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता त्या कामाला लागावे.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. आपल्या धर्मग्रामात प्रयोगशाळेत, कारखान्यात, शाळेत वा रुग्णालयात काम करणारी माणसे रविवारच्या मिस्साला येतात. पाल्याने त्यांपैकी एकाला गाठून तासभर बोलावे. दिवस कसा जातो, रात्रपाळी किती, अंगाला कोणता वास चिकटतो, पहिला पगार किती होता आणि पुन्हा संधी मिळाली तर हीच पदवी घ्याल का, हे विचारावे. त्या वेळी आईवडिलांनी शेजारी उभे राहू नये.