पाय लांब करण्याआधी: जीपची सीट कशी लावायची

मागच्या वेळी आपण टायरमधल्या हवेबद्दल बोललो, आज सीटबद्दल बोलू. विषय साधा वाटतो. सीटखालचा दांडा ओढला, मागे सरकलो, झालं! पण आमच्याकडे गाडी दाखवायला येणारा माणूस इंजिनाची तक्रार सांगून झाली की जाता जाता हळूच म्हणतो, "मना गुडघा दुखस भाऊ." मग आम्ही त्याला म्हणतो, जरा गाडीत बसून दाखवा. बहुतेक वेळा दुखण्याचं कारण बसल्या बसल्याच दिसतं.

आधी एक समजून घेऊ, की जीपमध्ये पायाला जागा कमी का असते. मूळ विलीज जीप 1941 सालची, अमेरिकेच्या सैन्यासाठी बनवलेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त 80 इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरासं वर. त्यात पेट्रोलची टाकी ठेवली चालकाच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर आधी गादी उचलायची. मग अशी सीट खाली कशी जाणार आणि मागे तरी कशी सरकणार? चालकाने ताठ बसायचं, गुडघे वर, स्टिअरिंग पोटाशी. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत हीच जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या ठेवणीवरच आपल्याकडच्या कितीतरी गाड्या पुढे वाढल्या. आजच्या गाडीत टाकी तिथे नाही, सीटला रेल आहे, तरी तीन दारांच्या थारमध्ये चाकांमधलं अंतर 2450 मिलिमीटरच आहे. पाच दारांच्या रॉक्समध्ये ते 2850 झालं. पण वाढलेली जागा मुख्यतः मागच्या माणसाला मिळाली. चालकाचं गणित पेडलपासून सुरू होतं, आणि पेडल आहे तिथेच असतं.

आमचं म्हणणं हेच आहे की सीट पेडलवरून लावायची. आपल्याकडे ती लावली जाते स्टिअरिंगवरून, नाहीतर 'पाय किती लांब होतो' यावरून. पाय लांब करायला मिळाला म्हणजे आराम, हे घरच्या खुर्चीला ठीक आहे. गाडीत पायाला जोर लावता आला पाहिजे. गुडघा सरळ झालेल्या पायात ब्रेक दाबायला ताकद उरत नाही. वर समोरून धडक बसली तर तो ताठ पाय थेट कमरेकडे धक्का पाठवतो.

आता प्रत्यक्ष करू. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. मागच्या खिशातलं पाकीट काढा. हसू नका, त्या पाकिटाने एक बाजू वर उचलली जाते आणि तासाभराने कंबर बोलायला लागते. पायात तीच चप्पल किंवा बूट हवा, जो घालून तुम्ही रोज चालवता. कुल्ले सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा, मध्ये हात जाईल इतकीही फट नको. आता डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबा. तळाला पोचल्यावरसुद्धा गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. बाक राहत नसेल तर पुढे या. उलट, क्लच सोडताना गुडघा स्टिअरिंगला किंवा डॅशबोर्डला लागत असेल तर एक खाच मागे जा. मग उजव्या पायाने ब्रेक, आणि तोही हळूच नाही, आणीबाणीत दाबाल तसा. दाबताना पाठ सीटपासून सुटली किंवा कंबर उचलली गेली, तर सीट अजून लांबच आहे.

यानंतर उंची. सीटची उंची बदलण्याची सोय असेल तर डोकं आणि छत यांच्यात किमान चार बोटं ठेवा. आपल्या शेतरस्त्यांवर त्याहून थोडी जास्त असली तर बरंच. पण केवळ बॉनेट दिसावं म्हणून फार वर जाऊ नका. मांडीला सीटच्या पुढच्या कडेचा हलका आधार हवा, ती कड मांडीत रुतायला नको. गुडघे कमरेपेक्षा फार वर असतील तर मांडी अधांतरी राहते आणि सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. 'मुंग्या येतात' ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. आणि हे लक्षात ठेवा: उंची बदलली की पेडलचं अंतरही बदलतं, म्हणून क्लच पुन्हा एकदा दाबून बघायचा.

कमी उंचीची माणसं खाली उशी घेतात. उशीने डोळे वर येतात हे खरं, पण पाय पेडलपासून लांब जातात. मऊ उशी ब्रेकच्या वेळी पुढे सरकते आणि पट्टा ओटीपोटावर चढतो. घ्यायचीच तर पातळ, घट्ट आणि सीटला बांधलेली घ्या, आणि सीट पुन्हा पेडलवरून लावा.

मग पाठ. दोन्ही खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष धरताना कोपरात बाक राहतो. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला उघडायला जागा लागते. पेडलमुळे पुढे यावं लागलं आणि हे अंतर कमी पडलं तर पाठ थोडी मागे कलवा, स्टिअरिंग खालीवर होत असेल तर तेही वापरा. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास हवी. मानेपाशी राहिलेला हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान सांभाळत नाही. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. आरसे सगळ्यात शेवटी.

आता खान्देशातला आपला खास प्रश्न. जळगावहून निघून एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत महामार्गाने जाताना एक बैठक चालते. पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी यावल-रावेरकडे केळीच्या बागेत किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायची असेल तर तीच बैठक चालेलच असं नाही. खड्ड्यात शरीर उडतं तेव्हा पाय पेडलवरून उचलला जातो. म्हणून कच्चा रस्ता लागला की सीट एक खाच पुढे आणि पाठ एक खाच ताठ. कन्नड घाट उतरतानाही आम्ही हेच सांगतो, तिथे ब्रेकवर पाय नेमका पोचणं महत्त्वाचं. हे बदल मात्र गाडी उभी करूनच करायचे. चालत्या गाडीत दांडा ओढला आणि सीट घसरली, तर ती नेमकी ब्रेक मारतानाच घसरते.

डावा पाय मोकळा असताना कुठे ठेवता? क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला जागा असेल तर तिथे घट्ट टेकवा. खडबडीत रस्त्यावर शरीर स्थिर ठेवण्याचं निम्मं काम तो पाय करतो. क्लचवर ठेवून दिलात तर क्लच प्लेटही झिजते आणि नडगीही दुखते. आणखी एक, पावसाळ्यातली काळी माती. शेतातून आल्यावर तळव्याला दोन बोटं गारा चिकटतो, बूट जाड होतो, पेडलचा अंदाज चुकतो आणि पाय घसरतो. आधी गारा झटका, मग सीटला दोष द्या.

गादीबद्दल बरेच गैरसमज आहेत. मऊ गादी म्हणजे आराम, असं कुशनवालाही सांगतो आणि आपणही मानतो. बसलेल्या माणसाचा कणा साधारण सेकंदाला 4 ते 8 वेळा होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांना सगळ्यात जास्त साथ देतो, आणि कच्च्या रस्त्यावर गाडीचे हेलकावे बरेचसे याच पट्ट्यात येतात. फार मऊ फोम तिथे दबून तळाला टेकतो, मग प्रत्येक खड्डा थेट लोखंडी चौकटीतून मणक्यात. जुन्या गाडीचा फोम बसला असेल तर वर दुसरी गादी टाकण्यापेक्षा आतला फोम बदलून घ्या, मूळ उंची आणि मूळ कडकपणा ठेवून. ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक वाक्य: सीटला वजनाप्रमाणे फिरवायची मूठ असेल तर ती तुमच्या वजनावर लावा. 90 किलोवर लावलेल्या सीटवर 55 किलोचा पोरगा बसला तर ती स्प्रिंग त्याच्यासाठी नसल्यातच जमा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. रेक्झिन चटका देतं, म्हणून लोक मण्यांचं कव्हर टाकतात. हवा खेळते हे खरं, पण त्यावर शरीर सरकतं. घाटात ते नको. सुती कापडाचं, घट्ट बसणारं कव्हर बरं. सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तशी खूण शिवणीजवळ असते, तर ती बाजू जाड कव्हरने झाकू नका.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: उंच माणसाने रेल वाढवून घ्यावी का? वेल्डिंगवाला दोन पट्ट्या जोडून सीट तीन इंच मागे नेऊन देतो. आमचं उत्तर, नको. सीटच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीटला तिच्या वजनाच्या 20 पट जोराने ओढून बघतात. सीट 20 किलोची धरली तर ओढ झाली 400 किलोची. पट्ट्याचं बक्कल सीटलाच जोडलेलं असेल तर माणसाच्या वजनाची ओढही त्याच बोल्टांवर येते. हे सगळं त्या दोन पट्ट्या आणि चार टाक्यांनी झेलायचं? शिवाय सीट मागे गेली तरी पट्ट्याचा वरचा खिळा खांबावर जागच्या जागी राहतो, मग पट्टा खांद्यावर नीट बसत नाही. सीटखालच्या वायरी ताणल्या जातात तो भाग वेगळाच. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला आडवं येतंच. उंच माणसाला आम्ही आधी सीट खाली घ्यायला, पाठ एक खाच कलवायला आणि स्टिअरिंग वर करायला सांगतो. एवढं करूनही बसत नसेल तर ती गाडी त्या मापाची नाही. म्हणून विकत घेण्याआधी शोरूममध्ये पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास बसा, क्लच पन्नास वेळा दाबा. विकणारा कंटाळला तर कंटाळू द्या.

काळी-पिवळी चालवणाऱ्या भावांना हे सगळं ऐकून हसू येत असेल. उजव्या हाताला एक पॅसेंजर, डाव्या हाताला तीन, चालक एका कुल्ल्यावर. तिथे सीट कशीही लावली तरी कंबर पिळलेलीच राहणार आणि ब्रेकवर पाय तिरकाच पडणार. उजवीकडचा तो एक माणूस उतरवणं, एवढाच त्यावर उपाय आहे.

शेवटचं. एकच गाडी दोघं भाऊ किंवा बापलेक चालवत असतील तर आपापल्या खाचा मोजून ठेवा. सीट पूर्ण पुढे घ्या आणि मागे सरकवताना 'टक' आवाज मोजा. धाकट्याच्या चार, थोरल्याच्या सात, असं खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं तरी चालतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.