इन्स्पेक्शन वाढवले, म्हणजे दर्जा वाढला?

ग्राहकाकडून माल परत आला की कारखान्यात पहिला हुकूम सुटतो: ‘इन्स्पेक्शन वाढवा!’ भोसरी असो की चाकण, डिस्पॅचच्या तोंडाशी आणखी दोन माणसे गेज घेऊन बसतात. तपासणीने खराब नग बाजूला निघतात, हे खरे. पण ते तयार व्हायचे थांबत नाहीत. लोखंड, मजुरी, मशीनचे तास यांचा खर्च तोवर होऊन गेलेला असतो. त्यात शिफ्ट संपत आली की नजरही थकते.

मग बोल लागतो कामगाराला. जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये १९६१ साली हेच चालले होते. छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या, त्यातली एखादी अधूनमधून राहून जाई. तंबी दिली की थोडे दिवस सुरळीत, पुन्हा तेच. उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी तंबीचा नाद सोडून एक बशी मांडली. आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मगच बसवायच्या; बशीत एक उरली, तर चूक तिथल्या तिथे दिसते. पुढे ‘पोका-योके’ म्हणजे चूक टाळणारी पद्धत म्हणून ओळखल्या गेलेल्या तंत्राचे हे गाजलेले उदाहरण. भांडवल, एक बशी!

‘आयएसओ ९००१’चा बोर्ड लावला की माल उत्तम, हाही भ्रमच. प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीला मिळते, मालाला नाही.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे कंट्रोल प्लॅन ऑडिटपुरता असतो, हा. कोणते माप, कोणत्या गेजने, किती नगांमागे तपासायचे आणि माप चुकले तर काय करायचे, हे उत्पादनाआधीच त्यात ठरते. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेल्या प्लॅनचा उपयोग फक्त ऑडिटरला. कंट्रोल प्लॅन मागणारी वाहन उद्योगातली ‘एपीक्यूपी’ ही दर्जा-नियोजनाची पद्धत १९९४ साली क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून आणली. पण त्याच जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच ठरलेल्या किमान १५ न्यूटन-सेंटीमीटर टॉर्कला उतरत नव्हता, तरी २००२ मध्ये मंजूर झाला. जड जुडग्याने किंवा धक्क्याने किल्ली फिरे, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. स्विचमधल्या सुधारणेला २००६ मध्येच मंजुरी मिळाली होती, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे जुन्या गाड्या बिघडतात आणि नव्या का नाहीत, हे कोडे तपास करणाऱ्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षे सुटले नाही.