बोटे पांढरी पडतात तेव्हा

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १५ अंशांपर्यंत उतरतो. ही काही काश्मीरची थंडी नव्हे. तरीही धार काढण्यापूर्वी गार पाण्यात हात घातला, की काहींची बोटे खडू फासल्यासारखी पांढरी पडतात, मग निळी होतात आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकू लागतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली याचे वर्णन केले. म्हणून हा रेनॉचा विकार. (फाउंड्रीत सतत ग्राइंडर धरणाऱ्यांनाही कंपनांमुळे असे होऊ शकते.)

थंडीत बोटांच्या धमन्या आकसतात, त्यामुळे शरीरातील उष्णता वाचते. रेनॉमध्ये हे आकसणे अति होते. पुष्कळ तरुण मुलींत एवढेच घडते आणि हातमोज्यांवर भागते. स्क्लेरोडर्मासारख्या संयोजी ऊतींच्या रोगात मात्र धमनीचे अस्तरच जाड होऊन नळी कायमची अरुंद झालेली असते. त्यात आकसण्याची भर पडली की बोटाच्या टोकाला रक्त पोचत नाही. तेथे जखम होते, आणि कधी टोकच गमवावे लागते. त्रास तिशीनंतर सुरू झाला, बोटे सुजली किंवा कातडी ताठ होऊ लागली, तर तपासणी टाळू नये.

औषध काय साधते? नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट, ती १० टक्क्यांनी वाढली तरी प्रवाह जवळजवळ दीडपट होतो. रक्त पाण्यासारखे साधे द्रव नसल्याने हिशेब अंदाजाचा. पण औषधांची सारी धडपड या थोडक्या रुंदीसाठी असते. जाड झालेले अस्तर त्यांनी पातळ होत नाही.

पहिली गोळी बहुधा निफेडिपिनची, म्हणजे रक्तदाबाचीच. स्नायू आकसण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. ही गोळी ते दार अडवते. झटके कमी होतात, सहसा पूर्ण थांबत नाहीत. शिवाय बोट कोणते हे गोळीला कळत नाही. साऱ्या शरीरातील धमन्या सैलावतात; मग डोके दुखते, घोटे सुजतात, उठताना चक्कर येते. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू वाढवायची. उलट, प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रेनॉ वाढू शकतो. आधीची औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

निफेडिपिन पुरले नाही तर सिल्डेनाफिल देतात. ते मुळात हृदयशूळासाठी शोधले जात होते. १९९८ साली वेगळ्याच कारणाने गाजले. नायट्रिक ऑक्साइड धमनीला सैल होण्याचा जो निरोप देते, तो या औषधाने अधिक काळ टिकतो. औषधाच्या दुकानात हे नाव घेताना बायका संकोचतात, चिठ्ठी परत घडी करून ठेवतात. डॉक्टरांनी आधीच दोन शब्द समजावले तर बरे.

आमच्याकडे मिश्रीची सवय जुनी आहे. तंबाखूतील निकोटिन धमन्या आकसवते, म्हणजे गोळी नळ उघडते आणि मिश्री तो पुन्हा पिळते. दुसरी चूक उकळत्या पाण्याची. बधिर बोटांना चटका कळत नाही. कोमट पाणीच घ्यावे.

बोटाचे टोक काळे पडू लागले किंवा जखम चिघळली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे इलोप्रॉस्ट हे औषध शिरेतून रोज काही तास, असे काही दिवस देतात. बोसेंटनच्या गोळीने नव्या जखमा कमी होतात, पण झालेली जखम लवकर भरत नाही. ती चालू असताना यकृताची तपासणी दरमहा करावी लागते, आणि गर्भारपणात ती चालत नाही.