खारपाण पट्ट्यातले क्लोरीन

पाणी निर्जंतुक करण्याच्या साधनांचा आढावा घेताना ओझोन आणि अतिनील किरण यांची नोंद करून पुढे गेलेले बरे. त्यांची तरफदारी करायला विक्रेते पुरेसे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांची खरी भिस्त आजही ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरवर, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर आहे आणि तिच्याविषयी माझे म्हणणे एकच आहे. विहिरीत किती क्लोरीन पडले याला फारसे महत्त्व नाही. त्यातले हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात किती राहिले, त्यावर जंतूंचे मरण ठरते.

या पावडरीचा इतिहास थोडक्यात उरकतो. शीलेने 1774 मध्ये क्लोरीन वेगळे केले, टेनंटने 1799 मध्ये ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले, बालारने 1834 मध्ये हे आम्ल ओळखले. पावडर मुळात कापड पांढरे करण्यासाठी निघाली. जलंब-खामगाव लोहमार्ग 1870 मध्ये सुरू झाला आणि खामगावचा कापूस रेल्वेने मुंबईकडे व तिथून विलायतेला जाऊ लागला, तेव्हा तिकडे कापड शुभ्र करण्याचे काम हीच पावडर करत होती. व्हिएन्नात सेमेलवाइसने 1847 मध्ये तिच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने नळाच्या पाण्यात क्लोरीन कायमचे आणले. जखमा धुण्याच्या युसॉलमध्ये पावडरीइतकेच बोरिक आम्ल घालत, ते सामू खाली आणून हायपोक्लोरस आम्ल मोकळे करण्यासाठी.

सामूचे हेच सूत्र आपण विहिरीपाशी विसरतो. सामू 7.5 असेल तर निम्मे क्लोरीन आम्लरूपात असते, 8.5 झाला की आम्लाचा वाटा जेमतेम दहावा उरतो. लोणारच्या सरोवरासारख्या 10 च्या आसपास सामू असलेल्या पाण्यात तो हजारात तीनवर येईल. बाकीचे हायपोक्लोराइट आयन होते. आयनावर ऋण भार असतो, जंतूच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो, म्हणून आयनाला आत शिरणे जड जाते. भाररहित आम्ल मात्र सहज शिरते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात भूजलात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर. सामू 8 च्या वर जाणे तिथे नवलाचे नाही. पाण्यात उरलेले क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीचा पिवळा रंग आम्ल आणि आयन यांत भेद करत नाही. म्हणूनच 30 मिनिटांनंतर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरावे, हे सांगताना जागतिक आरोग्य संघटना सामू 8 पेक्षा कमी असण्याची अट घालते.

यावर काहीजण म्हणतात, मग पावडर दुप्पट टाका. तसे केले की पाण्याला उग्र वास येतो आणि माणसे निर्जंतुक न केलेल्या पाण्याकडे वळतात. त्यापेक्षा पाणी जास्त वेळ ठेवून मग सोडावे. दुसरा आक्षेप, क्लोरीनमुळे घातक उपपदार्थ तयार होतात. सेंद्रिय गाळ असलेल्या पाण्यात ते होतात हे खरे. पण जंतू तसेच ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. तिसरा पक्ष आरओचा. क्षार काढायला खारपाणात आरओ हवेच, हे मान्य. मात्र त्या पाण्यात क्लोरीन उरत नसल्यामुळे जारमध्ये आणि हंड्यात शिरणाऱ्या जंतूंना कोणीही अडवत नाही.

नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विहिरींसाठी तयार केलेली दुहेरी मडक्याची पद्धत मला या सगळ्यांत मोलाची वाटते. आतल्या मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून भरायची. त्याला काठाजवळ एक सेंटिमीटरचे भोक, बाहेरच्या मडक्याला तळापासून चार सेंटिमीटरवर तेवढेच भोक. बाहेरच्याचे तोंड बांधून जोडी पाण्याखाली एक मीटर सोडली की सुमारे 4500 लिटरच्या घरगुती विहिरीत, रोज चारशेएक लिटर उपसा असेल तर, दोन-तीन आठवडे क्लोरीन संथपणे झिरपत राहते. वीज लागत नाही, मडकी गावचा कुंभार घडवतो. आज ही पद्धत पाठ्यपुस्तकांत उरली आणि विहिरींतून गेली, ही आपल्या सार्वजनिक आरोग्याची मोठी हानी आहे.

ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. ओल, ऊन आणि उघडे पोते ते उडवून लावतात. तेव्हा पावडर कोरड्या, सावलीच्या जागी घट्ट झाकून ठेवा, 20 टक्क्यांखाली आलेली नाकारा आणि जलसुरक्षकाच्या हाती ओटीच्या बाटलीसोबत सामू मोजण्याची पट्टीही द्या. खारपाण पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने एवढा ठराव येत्या ग्रामसभेत करावा.