इंग्रजी विशेषणांचा तरतमभाव : ‘क्वाइट’ आणि ‘टू’

विशेषणाचे प्रमाण दाखविणाऱ्या इंग्रजी क्रियाविशेषणांच्या याद्या आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळतात. परंतु कोणते क्रियाविशेषण कोणत्या विशेषणाशी जुळते, हा प्रश्न त्यांत क्वचितच उपस्थित केला जातो. वस्तुतः निर्णय पुष्कळदा विशेषणाच्या स्वभावावर अवलंबून असतो. ‘टॉल’, ‘हॉट’ यांना तरतमभाव आहे. म्हणून ‘व्हेरी’ तेथे सहज लागते. ‘डेड’मध्ये सीमा गृहीत आहे, तेथे ‘व्हेरी’ खटकते, ‘कंप्लीटली’ चालते. तरतमभावाच्या मुळाशी मोजमाप नसून तुलना असते, हे एडवर्ड सपीर यांनी १९४४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात विशद केले होते. ‘टॉल’ म्हणताच कोणता तरी अव्यक्त मानदंड मनात असतो.

‘क्वाइट’ हा शब्द या भेदाची उत्तम कसोटी होय. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे सर्वस्वी अशक्य. परंतु ब्रिटिश वापरात ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा बरा, इतकेच. अमेरिकेत तेच शब्द पुष्कळदा ‘फार चांगला’ या अर्थी येतात. विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. कारण स्तुती म्हणून लिहिलेला शब्द लंडनमध्ये नकारासारखा वाचला जाणे अशक्य नाही.

आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण मात्र ‘टू’ची आहे. ‘चहा फार गरम आहे’ या मराठी वाक्यात नुसते वर्णनही असू शकते आणि तक्रारही. ‘फार’ दोन्ही भार वाहतो. इंग्रजीत पहिल्यास ‘व्हेरी’ व दुसऱ्यास ‘टू’ लागते. ‘टू’मध्ये मर्यादा ओलांडल्याची सूचना असते, म्हणूनच ‘टू हॉट टू ड्रिंक’ यात नकारार्थी शब्द नसताही ‘पिता येणार नाही’ हा अर्थ निघतो. औषधाची मात्रा ‘टू हाय’ असल्याचे वाक्य ‘मात्रा फार मोठी आहे’ असे भाषांतरित केल्यास त्यातील इशारा हरवतो. मराठीपाशी साधन नाही असे नव्हे : ‘प्रमाणाबाहेर’ आहे, आणि ‘जरा जास्तच’ मधील ‘च’ तर हे काम किती सहज करतो!

‘व्हेरी बेटर’ या सुपरिचित चुकीचेही मूळ येथेच आहे. मराठी विशेषणाला तुलनेचे निराळे रूप नाही; ‘फार चांगला’ आणि ‘त्याच्यापेक्षा फार चांगला’ यांत विशेषण तेच राहते. इंग्रजीत रूप बदलताच क्रियाविशेषणही बदलते, आणि ‘व्हेरी’च्या जागी ‘मच’ किंवा ‘फार’शी केवळ उच्चारसाम्य असलेले ‘फार’ येते.